कललेले मत्स्यालय : तिरपेपणा किती, धोका केवढा?

दिवाणखान्यातील मोठ्या मत्स्यालयाकडे पाहुण्यांचे लक्ष जाते ते माशांमुळे. घरच्या माणसाचे लक्ष मात्र कधीतरी अचानक पाण्याच्या वरच्या रेषेवर जाते. डाव्या अंगाला पाणी काठाच्या जवळ आलेले असते, उजव्या अंगाला ते चांगले पाव इंच खाली असते. टाकी भरून झालेली असते, वाळू, दगड, झाडे मांडून झालेली असतात, मासेही सोडून झालेले असतात. अशा वेळी काही जण 'चालायचेच' म्हणून डोळेझाक करतात, तर काही जण धास्तावून भरलेल्या टाकीखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवू लागतात. पहिला मार्ग कधी कधी योग्य ठरतो. दुसरा मात्र कधीच योग्य नसतो. कोणत्या वेळी काय करावे हे ठरवण्यासाठी थोडे मोजमाप आणि थोडी समज पुरेशी आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला, जळगाव रस्त्यावर असलेले हर्सूल हे एकेकाळचे खेडे. खाम नदीवरचा तलाव, हरसिद्धी मातेचे मंदिर आणि मध्यवर्ती कारागृह ही त्याची जुनी ओळख. शहर वाढत गेले तसे हर्सूलच्या आसपासच्या शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या आणि बैठ्या घरांबरोबर रो-हाउस व सदनिकाही आल्या. अशा घरांत चार फुटी मत्स्यालय ठेवणाऱ्यांपुढे हा प्रश्न दोन कारणांनी अधिक अवघड होतो. एक म्हणजे घराखालची जमीन. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. दुसरे म्हणजे पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची वर्षानुवर्षे सवय असलेल्या या शहरात दोनशे लिटर पाणी मोरीत ओतून देणे कोणाच्याही जिवावर येते. म्हणूनच टाकी उपसण्याचा निर्णय घाईने घेऊ नये, आणि घ्यायची वेळ आलीच तर तो टाळूही नये.

पाणी हीच खरी पाणसळ

स्थिर पाण्याचा पृष्ठभाग समपातळीतच राहतो. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून एका भिंतीवरची खूण दुसऱ्या भिंतीवर नेतात ती याच भरवशावर. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खडकी नगरीसाठी नहर-ए-अंबरी बांधली, तेव्हा उत्तरेकडील डोंगरउतारांचे पाणी कोणत्याही पंपाविना, केवळ ढाळाच्या हिशेबावर शहरात आणले गेले. पातळीचे हेच शास्त्र घरातल्या काचेच्या टाकीलाही लागू पडते. भिंतीची कड, खिडकीची चौकट, फरशीचा सांधा यांपैकी काहीही तिरके असू शकते. टाकीतले पाणी मात्र तिरके असू शकत नाही. म्हणून पाण्याची रेषा आणि काचेचा काठ यांत जे अंतर दिसते, तो टाकीचाच कल असतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. दोन समांतर रेषांमधला फरक डोळ्याला फार लवकर जाणवतो. तीन मिलिमीटरचा कलही चार फुटी टाकीत सहज दिसतो आणि असतो त्याहून मोठा भासतो. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबून घाबरणे जसे चूक, तसेच नुसत्या नजरेने निश्चिंत होणेही चूक. पोलादी पट्टी घेऊन मोजणे हाच खरा उपाय.

टाकीचे वजन किती असते?

घरगुती वापरातील मोठी टाकी बहुधा चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असते, म्हणजे साधारण १२० × ४५ × ४५ सेंटिमीटर. ती ४२ सेंटिमीटरपर्यंत भरली तर काचेची जाडी न वगळता सव्वादोनशे लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. १० मिलिमीटर जाडीच्या काचेची टाकी रिकामी असतानाच सुमारे ५० किलो भरते. त्यात वाळू, दगड आणि लोखंडी स्टँड धरला, तर फरशीवर पडणारा एकूण भार सव्वातीनशे किलोच्या आसपास जातो. एवढे वजन अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या अधिक जागेवर दिवसरात्र उभे असते.

हे सारे वजन खाली जाते. पण पाणी बाजूलाही रेटा देते. वरच्या टोकाशी हा रेटा शून्य असतो आणि खोलीबरोबर वाढत जातो. वर सांगितलेल्या टाकीत समोरच्या लांब काचेवर एकूण सुमारे १०५ किलो वजनाइतका जोर पडत असतो. तो पेलणारे काय असते, तर काच आणि कडांना जोडणारी सिलिकॉनची पातळ रेघ. या रेघेवर रोजच्यापेक्षा वेगळ्या दिशेने ताण आला की प्रश्न निर्माण होतो.

कल वेगळा, पीळ वेगळा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. समजा, चार फुटी टाकी लांबीच्या दिशेने ६ मिलिमीटर कलली आहे. म्हणजे एका टोकाला पाणी ३ मिलिमीटर जास्त खोल आणि दुसऱ्या टोकाला ३ मिलिमीटर कमी खोल. ४२ सेंटिमीटर खोलीच्या तुलनेत हा फरक एक टक्क्याहूनही कमी आहे. टाकी पुढच्या बाजूला ६ मिलिमीटर कलली असेल तर समोरच्या काचेवरचा जोर सुमारे दीड टक्क्याने, म्हणजे दीड किलोच्या आसपास वाढतो. जी टाकी मुळात नीट बांधलेली आहे, ती एवढ्या वाढीने फुटणार नाही. सरळसोट, सर्वत्र सारख्या आधारावर असलेला थोडा कल हा बहुतांशी दिसण्याचा दोष असतो.

खरा धोका असतो तो पिळाचा. स्टँडचे चारही कोपरे एका पातळीत नसतील, एक पाय अधांतरी असेल किंवा स्टँडची वरची चौकट मध्येच वाकलेली असेल, तर टाकीच्या तळाला काही ठिकाणी आधार मिळतो आणि काही ठिकाणी मिळत नाही. लाकूड वाकते, लोखंड वाकते. काच मात्र जवळजवळ वाकत नाही. ती ताण साठवत राहते. काच कापताना कडेला राहिलेली एखादी बारीक खपली किंवा तळाखाली अडकलेला वाळूचा एखादा खडा एवढे निमित्त तडा जायला पुरते. शिवाय पिळामुळे कोपऱ्यातील सिलिकॉन एका अंगाने ओढले जाते. अशी टाकी पहिल्या दिवशी गळेलच असे नाही. कित्येक महिने ती शांत राहू शकते.

थोडक्यात, 'टाकी किती कलली आहे' याच्या आधी विचारायचा प्रश्न असा : तिला सगळीकडून सारखा आधार आहे का? आणि त्यानंतरचा प्रश्न असा : हा कल वाढत आहे का?

चार कोपऱ्यांचे गणित

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे घरच्या घरी मिळवता येतात. प्रथम फिल्टर आणि हवेचा पंप बंद करून पाणी स्थिर होऊ द्यावे. मग चारही कोपऱ्यांत काचेच्या वरच्या काठापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहावे. जिथे अंतर कमी, ती बाजू खाली आहे असे समजावे.

उदाहरणार्थ, समोरचा डावा कोपरा ३०, समोरचा उजवा ३६, मागचा उजवा ३८ आणि मागचा डावा ३२ अशी मापे आली. डावी बाजू उजवीपेक्षा ६ मिलिमीटर खाली आहे आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा २ मिलिमीटर. आता समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांची बेरीज करावी. ३० आणि ३८ मिळून ६८. ३६ आणि ३२ मिळूनही ६८. दोन्ही बेरजा सारख्या आल्या, म्हणजे चारही कोपरे एकाच प्रतलात आहेत. टाकी कललेली आहे, पण पिळलेली नाही.

दुसऱ्या एखाद्या घरात हीच मापे त्याच क्रमाने ३३, ३६, ३३ आणि ३४ अशी आली तर वरवर पाहता कल कमी वाटतो. पण बेरजा ६६ आणि ७० येतात. तीन कोपरे एका पातळीत धरले तर चौथा कोपरा ४ मिलिमीटरने चुकलेला आहे. कल कमी दिसत असला तरी ही दुसरी टाकी पहिलीपेक्षा अधिक चिंतेची आहे.

स्थानिक कारागिराने हाताने कापलेल्या काचांच्या उंचीत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक असू शकतो, तेव्हा बेरजांमधील एवढ्या फरकाकडे दुर्लक्ष करावे. त्याहून अधिक फरक दिसल्यास पुढची परीक्षा घ्यावी. पोस्टकार्डाएवढा जाड कागद घेऊन टाकीचा तळ आणि स्टँड यांच्यामध्ये चारही बाजूंनी सरकवून पाहावा. कागद कुठे सहज आत गेला तर तिथे टाकी अधांतरी आहे. स्टँडच्या प्रत्येक पायाखालीही असाच कागद सरकवून पाहावा. टाकी स्वतः न पिळता नुसतीच एका कोपऱ्यावर अधांतरी राहणे हा प्रकारही नेहमीचा आहे, आणि तो वरच्या गणितात दिसत नाही. म्हणून कागदाची परीक्षा टाळू नये.

कल येतो कुठून?

बहुतेक वेळा दोष टाकीचा नसतो, फरशीचा असतो. आणि पुष्कळदा तो दोषही नसतो. आपल्याकडे फरशी बसवताना पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे, मोरीकडे किंवा गॅलरीकडे मुद्दाम ढाळ दिलेला असतो. शंभरास एक एवढा ढाळ असेल तर चार फुटांत १२ मिलिमीटरचा फरक पडतो. पायाने चालताना तो जाणवत नाही, पाण्याच्या रेषेवर मात्र लगेच दिसतो. हा ढाळ कायमचा आणि स्थिर असतो. एकदा दुरुस्त केला की प्रश्न संपला.

दुसरे कारण म्हणजे फरशी बसणे. तळमजल्यावर जोत्यात मुरमाचा भराव घालून त्यावर फरशी बसवलेली असते. भराव नीट धुमसलेला नसेल तर वजनाखाली तो दबतो. नाण्याने किंवा चावीने फरशीवर टकटक करून पाहावे. भरीव आवाजाच्या जागी पोकळ आवाज आला तर त्या फरशीवर स्टँडचा पाय येऊ देऊ नये. लोखंडी अँगलच्या उघड्या पायाचा फरशीला होणारा स्पर्श जेमतेम तीन चौरस सेंटिमीटरचा असतो आणि त्यावर ऐंशी किलोचा भार येतो. त्याच पायाखाली तीन इंची चौकोनी पोलादी पट्टी वेल्ड करून घेतली तर हा दाब सुमारे एकोणिसाव्या हिश्शावर येतो.

तिसरे कारण जमिनीचे. दख्खनच्या बसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेल्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणारी चिकणमाती असते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला असेल तर घराच्या भिंती जागच्या हलत नाहीत; पण नुसत्या मातीवर टेकलेली फरशी ऋतूप्रमाणे वरखाली होऊ शकते. खाम नदीच्या खोऱ्यातील, विशेषतः पूर्वी शेत असलेल्या जागेवरील बैठ्या घरांत ही शक्यता गृहीत धरावी. अशा घरात मे महिन्यात अचूक बसवलेली टाकी सप्टेंबरात कललेली आढळली, तर त्यात नवल नाही.

चौथे कारण स्टँडचे. प्लायवूड किंवा भुशाच्या बोर्डाचे कपाट टाकीखाली असेल तर सांडलेल्या पाण्याने त्याची कड फुगते किंवा कुजून दबते. पाणी बदलताना नेहमी एकाच बाजूला बादली ठेवली जात असेल तर त्याच बाजूचा पाय आधी खराब होतो. लोखंडी स्टँडच्या बाबतीत गंज आणि वेल्डिंगची तड पाहावी.

वाढणारा कल ओळखण्यासाठी

थांबलेला कल आणि वाढणारा कल यांतील फरक एका मापाने कळत नाही. त्यासाठी चार कोपऱ्यांची मापे तारखेसह लिहून ठेवावीत आणि पहिला महिनाभर दर आठवड्याला, नंतर महिन्यातून एकदा पुन्हा घ्यावीत. बाष्पीभवनाने पाणी कमी होते, त्यामुळे चारही आकडे वाढतील, ते चालेल. पाहायचे ते आकड्यांमधले परस्पर अंतर. पावसाळा संपल्यावर आणि मे महिन्याच्या अखेरीस घेतलेली मापे सर्वांत बोलकी ठरतात. अंतर तेच राहिले तर टाकी स्थिर आहे. दर खेपेला एकाच दिशेने वाढत गेले तर आज कल थोडा असला तरी टाकी उपसण्याची तयारी करावी.

किती कल चालतो, याचा सर्वमान्य आकडा नाही. छंदी मंडळींत चालत आलेला ढोबळ दंडक असा की, सर्व बाजूंनी आधार असलेल्या चार फुटी टाकीत तीन-चार मिलिमीटरचा स्थिर कल राहू द्यायला हरकत नाही. त्यापुढे दुरुस्ती करून घेणे बरे. आणि १० मिलिमीटरच्या पुढे ती टाळूच नये. पुढच्या बाजूचा कल मात्र लांबीच्या कलाहून गंभीर धरावा. त्यामुळे सर्वांत मोठ्या काचेवर जोर वाढतो आणि पाण्याचा हिंदकळा किंवा मुलाबाळांचा धक्काही त्याच दिशेने येतो.

थांबू नये अशी लक्षणे

काही लक्षणे दिसल्यास मोजमापात वेळ घालवू नये. सिलिकॉनच्या रेघेत पांढरट डाग किंवा बुडबुडे दिसू लागणे, कोपऱ्यात ओल येणे, समोरची काच पूर्वीपेक्षा फुगीर वाटणे, स्टँडमधून करकर आवाज येणे, एका कोपऱ्याखाली फट वाढत जाणे, ही ती लक्षणे होत.

अशा वेळी सर्वांत सोपा आणि परिणामकारक उपाय म्हणजे पाणी निम्मे करणे. काचेवरचा एकूण जोर खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पाण्याची खोली निम्म्यावर आणली की हा जोर निम्मा नव्हे, चौथ्या हिश्शावर येतो. समोरच्या काचेवरील १०५ किलोचा रेटा सव्वीस-सत्तावीस किलोवर उतरतो. मासे टाकीतच राहतात, आणि पुढचा विचार शांतपणे करायला एक-दोन दिवस मिळतात. नळीने काढलेले पाणी पिंपात साठवावे. ते पुढे उपयोगी पडते.

मोठ्या टाक्याही पूर्वसूचना देतातच असे नाही. बर्लिनमधील एका हॉटेलच्या दालनात उभा असलेला, सुमारे दहा लाख लिटर पाण्याचा आणि दीड हजार माशांचा अॅक्रिलिकचा मत्स्यस्तंभ १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे एकाएकी फुटला. पुढे तज्ज्ञांनी तपास केला, तरी नेमके एकच कारण त्यांना निश्चित सांगता आले नाही. घरगुती टाकीची तुलना त्याच्याशी होऊ शकत नाही; पण 'आजवर काही झाले नाही' हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, एवढा बोध त्यातून घेता येतो.

दुरुस्ती : खालून, आणि टाकी रिकामी करून

दुरुस्तीचा पहिला नियम असा की, पाचर टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये कधीही घालू नये. तशी घातल्यास सारे वजन त्या पाचरीच्या दोन इंचांवर येते आणि बाकीचा तळ अधांतरी होतो. कल काढायचा तो स्टँडच्या पायाखाली, फरशीवर. दुसरा नियम असा की, भरलेली टाकी जॅक, पहार किंवा माणसांच्या बळावर उचलू नये. एक टोक क्षणभर उचलले गेले तरी पाणी दुसऱ्या टोकाला धावते आणि टाकी पिळली जाते.

कामाचा क्रम असा ठेवावा. आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नये. हीटर असल्यास पाणी काढण्याच्या अर्धा तास आधी बंद करावा, कारण तापलेला हीटर उघडा पडला तर त्याची काच तडकते. धुतलेल्या पण साबण न लागलेल्या पिंपांत टाकीतलेच पाणी नळीने काढून घ्यावे. एका पिंपात मासे सोडून हवेचा पंप चालू ठेवावा आणि वर जाळी किंवा कापड बांधावे. फिल्टरमधील स्पंज व मडक्याच्या खापऱ्यांसारखे तुकडे टाकीच्याच पाण्यात बुडवून, त्यातही हवा सोडून ठेवावेत. माशांच्या विष्ठेतून तयार होणाऱ्या अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू प्रामुख्याने तिथेच वाढलेले असतात. ते वाळले किंवा नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतले गेले, तर टाकी पुन्हा भरल्यावर मासे दगावू शकतात.

दगड बाहेर काढावेत आणि वाळूचा थर जाड असल्यास तीही काढावी. मग रिकामी टाकी दोघा-चौघांनी तळाला हात घालून उतरवावी. स्टँडवर पाणसळ लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून पाहावी. जो पाय खाली आहे त्याच्याखाली न दबणारे, न कुजणारे साहित्य घालावे. कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा, पोलादी पट्टी, कठीण प्लॅस्टिकची पाचर यांपैकी काहीही चालते. पुठ्ठा, रबर, थर्माकोल आणि साधे लाकूड पायाखाली नको. लोखंडी स्टँड नव्याने करून घेणाऱ्यांनी पायांना नट-बोल्टची वरखाली होणारी बैठक लावून घेतली तर पुढच्या खेपेचे कष्ट वाचतात. कपाटाच्या स्वरूपातील स्टँड असेल तर फक्त कोपऱ्यांत नव्हे, तर कडेच्या पूर्ण लांबीत आधार मिळेल अशी पाचर बसवावी.

स्टँड समपातळीत आल्यावर त्यावर सपाट फळी आणि फळीवर थर्माकोलचा किंवा फोमचा अखंड पत्रा ठेवावा. हा पत्रा बारीक खडे आणि मिलिमीटरभर उंचसखलपणा सामावून घेतो. कल मात्र तो काढत नाही. ज्या टाकीला खाली प्लॅस्टिकची चौकट असते आणि तळाची काच चौकटीत उंचावर राहते, तिच्याखाली असा पत्रा घालू नये, कारण तो मध्यभागी तळाला वर रेटतो.

टाकी ठेवल्यावर चौथा हिस्सा भरून चार कोपरे मोजावेत. मग निम्मी, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्याला तिरप्या बेरजा पडताळाव्यात. भोवती जुन्या वर्तमानपत्राचे कागद पसरून रात्रभर ठेवावेत. थेंबभर गळती असली तरी सकाळी डाग दिसतो.

पिंपात साठवलेले वरचे निवळ पाणी परत टाकीत घ्यावे आणि तळाचे गढूळ पाणी कुंड्यांना घालावे. अशा रीतीने बहुतेक पाणी पुन्हा वापरात येते. उरलेली भर नळाच्या पाण्याने घालायची असल्यास क्लोरीन घालवण्यासाठी दुकानात 'हायपो' नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे. बोअरचे पाणी जड असल्यास ते एकदम न घालता दोन-तीन दिवसांत थोडे थोडे घालावे.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरमागे २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो भार धरला आहे. चार फुटी टाकीखालच्या जागेवर तो सहाशे किलोच्या घरात जातो. स्लॅब हा भार आजूबाजूला वाटून घेतो, त्यामुळे एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. पण जागा निवडताना विचार हवा. टाकी तुळईच्या किंवा खांबाच्या जवळ, भिंतीला लागून ठेवावी. खोलीच्या मधोमध किंवा बाहेर काढलेल्या गॅलरीत ठेवू नये. याच शहरातील पाणचक्कीच्या आवारात आयताकृती हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. त्याखाली भक्कम खांबांच्या रांगा उभ्या आहेत. पाण्याचे वजन थेट खांबांवर उतरवण्याची ही जुनी रीत आजच्या सदनिकेलाही मार्गदर्शक आहे. अनेक घरांत टाकीची जागा ईशान्य दिशा पाहून ठरते. तसे करण्याआधी त्या कोपऱ्याखाली तुळई आहे की नाही, हेही पाहून घ्यावे. पाच-सहा फुटांच्या किंवा चारशे-पाचशे लिटरच्या टाकीसाठी मात्र इमारतीच्या रचना अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचाही त्यात संबंध असतो.

नवी टाकी घेताना

जे अद्याप टाकी घ्यायच्या विचारात आहेत, त्यांचे काम फार सोपे आहे. जागा ठरल्यावर स्टँडचे पाय जिथे येणार तिथे खडूने खुणा कराव्यात. पाणी भरलेली पारदर्शक नळी किंवा पाणसळ वापरून त्या चार खुणांमधला फरक काढावा आणि स्टँड बनवणाऱ्याला तो आकडा लिहून द्यावा. दहा मिनिटांचे हे काम पुढे दिवसभराची उपसाउपस टाळते. रिकामा स्टँड जागेवर ठेवून त्यावर हाताने दाब देऊन पाहावा. तो डुगडुगत असेल तर टाकी त्यावर चढवू नये. पाण्याच्या वजनाने स्टँड आपोआप बसेल ही समजूत चुकीची आहे. वजनाने तो बसत नाही, वाकतो.

टाकीजवळ एक छोटी वही ठेवण्याची सवय मात्र प्रत्येकाने लावून घ्यावी. खाद्य, पाणीबदल आणि औषधे यांच्या नोंदीबरोबर चार कोपऱ्यांची मापेही तीत राहू द्यावीत. टाकीतील जिवांना आपली जागा निवडता येत नाही आणि सोडताही येत नाही. महिन्यातून एकदा पोलादी पट्टी लावण्याचे पाच मिनिटांचे काम त्यांच्यासाठी आणि घरासाठीही मोलाचे आहे.